चार्ल्स गुडइयर आणि न वितळणारे रबर

विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या जुन्या मोटारीजवळ उभे राहण्याची संधी मिळाली, तर तिच्या काचेच्या कडेने बसवलेली काळी पट्टी नीट पाहा. तशीच पट्टी दरवाजाच्या चौकटीलाही असते. गॅरेजमधले मिस्त्री तिला बीडिंग म्हणतात. ही पट्टी रबराची असते. पाऊस, धूळ आणि वारा यांना गाडीत शिरू न देणे हे तिचे काम. नवी असताना ती बोटाने दाबली की दबते आणि बोट उचलले की पुन्हा वर येते. तीस-चाळीस वर्षे ऊन खाल्ल्यावर तीच पट्टी राखाडी पडते, लाकडासारखी कडक होते आणि कोपऱ्यांत तडकते.

इंग्लंडमध्ये १९६१ साली जॅग्वार कंपनीने ई-टाइप नावाची लांब नाकाची स्पोर्ट्‌स कार बाजारात आणली. अशा गाड्या आजही शौकीन लोक जिवापाड जपतात. इंजिन खोलून दुरुस्त करता येते. पत्रा ठोकून सरळ होतो, रंग नवा देता येतो. पण रबराच्या पट्ट्या त्यांना फार सतावतात. लोखंड झिजले तर ते वितळवून पुन्हा ओतता येते. काचही वितळते. मग झिजलेले रबर वितळवून त्याची नवी पट्टी का ओतता येत नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला सुमारे दोनशे वर्षे मागे, अमेरिकेत जावे लागेल. त्या काळी रबर वितळत असे. अगदी सहज वितळत असे, आणि तीच मोठी अडचण होती. ते वितळू नये म्हणून एका माणसाने आपले घर, पैसा आणि प्रकृती सगळे पणाला लावले. त्याचे नाव चार्ल्स गुडइयर. हे नाव तुम्ही टायरवर वाचले असेल. पण त्याने टायर कधी बनवला नाही, आणि टायरच्या कंपनीचा तो मालकही नव्हता. ती हकिकत शेवटी येईल.

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, न्यू हेवन या गावी झाला. त्याचे वडील अमासा गुडइयर हे शेतीची अवजारे, बटणे अशा वस्तू बनवत. लहानपणापासून चार्ल्सने वडिलांच्या कारखान्यात हात काळे केले. सतराव्या वर्षाच्या सुमारास तो फिलाडेल्फिया शहरात लोखंडी सामानाचा धंदा शिकायला गेला, आणि परत येऊन वडिलांचा भागीदार झाला. १८२४ साली त्याचे क्लॅरिसा बीचर हिच्याशी लग्न झाले. दोन वर्षांनी त्याने फिलाडेल्फियात लोखंडी सामानाचे स्वतःचे दुकान थाटले. सुरुवातीला दुकान चांगले चालले. पण उधारी वाढत गेली आणि १८३० च्या सुमारास धंदा बुडाला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे कर्ज न फेडणाऱ्याला तुरुंगात टाकत. चार्ल्सच्या नशिबी तुरुंगाची वारी आली, आणि ती एकदाच आली नाही.

आता थोडे रबराविषयी. मराठीत आपण ‘रबर’ म्हणतो, तुम्ही घरी उर्दूत ‘रबड’ म्हणता. दोन्ही शब्द इंग्रजीतून आले आहेत, आणि इंग्रजीत त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे घासणारा. रबराच्या तुकड्याने पेन्सिलीची रेघ पुसता येते, हे जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७० साली नोंदवून ठेवले होते. म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या खोडरबराचेच नाव पुढे या पदार्थाला चिकटले. हा पदार्थ म्हणजे एका झाडाचा चीक. झाडाच्या सालीला खाच पाडली की दुधासारखा चीक ठिबकतो आणि तो वाळला की रबर तयार होते. ते झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील ब्राझीलचे. आज ते केरळात भरपूर आहे आणि आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही त्याच्या बागा आहेत, पण गुडइयरच्या काळात या झाडांची भारतात लागवड झालेली नव्हती.

हे कच्चे रबर पाणी अडवते, म्हणून १८३० नंतर अमेरिकेत त्याचे वेड पसरले. बूट, कोट, टोप्या, पिशव्या अशा कितीतरी वस्तू रबराच्या निघाल्या. लोकांनी कारखान्यांत पैसे गुंतवले. मग उन्हाळा आला. बूट वितळून त्यांचा चिकट गोळा झाला, कोटाला घाण वास सुटला. थंडीत तेच रबर दगडासारखे कडक होऊन तडकू लागले. गिऱ्हाइके माल परत आणून दुकानात फेकू लागली.

१८३४ सालच्या उन्हाळ्यात गुडइयर न्यूयॉर्कमध्ये रॉक्सबरी कंपनीच्या दुकानात शिरला. तेथे त्याला रबराची एक हवेची पिशवी दिसली. बुडणाऱ्या माणसाने ती अंगाला बांधायची आणि तरंगायचे, अशी तिची योजना होती. तिची हवा भरण्याची झडप त्याला कच्ची वाटली. त्याने पिशवी विकत घेतली, घरी नेऊन अधिक चांगली झडप तयार केली आणि ती विकायला पुन्हा त्याच दुकानात गेला. दुकानाच्या व्यवस्थापकाने झडपेची स्तुती केली, पण ती घेतली नाही. त्याने गुडइयरला आतली खोली दाखवली. परत आलेला, वितळून सडलेला माल तेथे पडला होता. झडप सुधारून काय उपयोग, सुधारायला हवे ते रबर, असे त्याने गुडइयरला समजावले. गुडइयर त्या वेळी तेहेतीस वर्षांचा होता. रसायनशास्त्र तो शिकलेला नव्हता आणि खिशात पैसा नव्हता. तरीही हे काम आपल्यालाच करायचे आहे, असे त्याच्या मनाने त्या दिवशी घेतले.

फिलाडेल्फियाला परतताच कर्जापायी तो पुन्हा तुरुंगात गेला. रबरावरचे त्याचे पहिले प्रयोग त्या तुरुंगात झाले. क्लॅरिसाने कच्चे रबर आणि स्वयंपाकघरातले लाटणे त्याला आणून दिले, असे सांगतात. तो रबर मळायचा, लाटायचा आणि त्यात निरनिराळ्या पुडी मिसळून पाहायचा. त्याचा तर्क साधा होता. रबर चिकट आहे, तर ओलावा शोषणारी एखादी कोरडी पूड घातली की ते कोरडे होईल. सुटून आल्यावर त्याने मॅग्नेशियाची पूड घातली. रबर पांढरे व मऊ झाले. त्याने बूट बनवले, आणि उन्हाळा येताच ते बूट वितळले. नंतर त्याने चुना वापरला. काही दिवस यश मिळाल्यासारखे वाटले. पण लिंबाच्या रसासारख्या सौम्य आम्लाचा थेंब पडला तरी चुन्याचा परिणाम नाहीसा होई.

पुढे त्याने नायट्रिक आम्ल लावून पाहिले. त्यामुळे रबराचा वरचा पापुद्रा गुळगुळीत व कोरडा झाला. या पद्धतीचे पेटंट त्याला १८३७ साली मिळाले. पेटंट म्हणजे, काही वर्षे ही युक्ती दुसऱ्या कोणी परवानगीवाचून वापरू नये असा सरकारी हक्क. मात्र याच प्रयोगांत बंद खोलीत विषारी वायू कोंडला आणि तो मरता मरता वाचला. त्याच १८३७ साली अमेरिकेत मोठी मंदी आली आणि त्याचा भागीदार बुडाला. गुडइयर मात्र अंगात रबराचा कोट, पायात रबराचे बूट आणि डोक्यावर रबराची टोपी घालून रस्त्याने फिरत असे. गावात विनोद झाला होता, की सगळे कपडे रबराचे, खिशात पाकीटही रबराचे, पण पाकिटात दमडी नाही, असा माणूस दिसला तर तो गुडइयर समजावा.

नंतर तो बोस्टनजवळ वोबर्न या गावी राहायला गेला. तेथे नॅथॅनिएल हेवर्ड नावाचा माणूस रबरात गंधक मिसळून ते उन्हात वाळवत असे. (गंधक हा शब्द तुम्हांला उर्दूमुळे ओळखीचा आहेच.) गुडइयरने हेवर्डकडून त्या पद्धतीचा हक्क विकत घेतला. सरकारने त्याला टपालाच्या १५० पिशव्या बनवायचे काम दिले. पिशव्या सुंदर झाल्या. त्या एका उबदार खोलीत टांगून तो काही दिवस बाहेरगावी गेला. परत येऊन पाहतो तो काय, पिशव्या वितळून खाली लोंबत होत्या. नायट्रिक आम्ल आणि गंधक दोन्ही वापरली होती, पण परिणाम वरच्या पापुद्र्यापुरताच झाला होता. आतले रबर कच्चे ते कच्चेच राहिले होते.

१८३९ सालच्या हिवाळ्यात ती प्रसिद्ध घटना घडली. गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. रबर वितळून वाहू लागेल असे कोणालाही वाटले असते. पण ते वितळले नाही. चामडे भाजावे तसे ते करपले, आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टी अशी राहिली की जी करपलीही नव्हती आणि चिकटही नव्हती. त्याने तो तुकडा रात्रभर बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळीही तो लवचीक होता! उष्णतेने वितळला नाही, थंडीने तडकला नाही.

अनेक पुस्तकांत हा शोध केवळ अपघाताने लागला असे लिहिलेले असते. गुडइयरला ते मान्य नव्हते. मलाही हे म्हणणे अपुरे वाटते. शेगडीवर काहीतरी पडून करपणे हे प्रत्येक घरात होते. करपलेल्या तुकड्याच्या कडेला काय आहे ते पाहण्यासाठी आधी पाच वर्षे रबर मळलेले असावे लागते.

पण खरी परीक्षा आता सुरू झाली. किती गंधक घालायचे, किती तापवायचे, किती वेळ? कमी तापले तर रबर चिकट राही, जास्त तापले तर करपे. त्याच्याजवळ कारखाना नव्हता. क्लॅरिसाचा पाव भाजून झाला की त्याच भट्टीत तो रबर भाजायचा. किटलीच्या तोंडाशी धरून वाफ द्यायचा, गरम राखेत पुरून ठेवायचा. शेजारी त्याला वेडा समजत. त्या काळात घरातली भांडीकुंडी आणि सामान विकले गेले. एकदा तर त्याने आपल्या मुलांची शाळेची पुस्तकेही विकली. मुलांनो, गुडइयरच्या चिकाटीचे कौतुक मी तुम्हांला सांगतो आहे, पण ही गोष्ट वाचताना एक शिक्षक म्हणून माझा हात थबकतो. शोध त्याचा होता, भूक मात्र सगळ्या घराची होती. एका हिवाळ्यात घरात अन्न नव्हते, सरपण नव्हते, तेव्हा तो हिमवादळातून कित्येक मैल चालत एका ओळखीच्या गृहस्थाकडे मदत मागायला गेला. १८४० साली त्याचा दोन वर्षांचा मुलगा वारला. त्याच्या दफनालाही घरात पैसे नव्हते. क्लॅरिसाने या सगळ्याविषयी काय विचार केला असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

शेवटी त्याचा मेहुणा विल्यम डी फॉरेस्ट याने पैसे पुरवले. तो लोकरीच्या कापडाचा कारखानदार होता. दाबाखालील वाफेने रबर काही तास सारखे तापवावे, म्हणजे ते आतपर्यंत एकसारखे पक्के होते, हे गुडइयरने शोधून काढले. १५ जून १८४४ रोजी त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्यात प्रमाण दिले आहे: रबर २५ भाग, गंधक ५ भाग आणि सफेदा म्हणजे शिशाची पांढरी पूड ७ भाग. उष्णता सुमारे १३० अंश सेल्सिअस.

असे का होते, हे गुडइयरला शेवटपर्यंत कळले नाही. रबराचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात, हे शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात सिद्ध केले. ताटात शेवया असतात, तशा या साखळ्या कच्च्या रबरात सुट्या पडलेल्या असतात. उष्णता मिळाली की त्या एकमेकींवरून घसरतात आणि रबर वितळते. गंधक घालून तापवले की गंधकाचे अणू एका साखळीला दुसरीशी जागोजागी बांधून टाकतात. शेवयांचे जाळे होते. जाळे ताणता येते, सोडले की ते पहिल्या आकारावर येते, पण त्याच्या साखळ्या आता घसरून वाहू शकत नाहीत.

आता जुन्या मोटारीच्या पट्टीकडे वळू. गुडइयरने रबराला दिलेले हे जाळेच तिची नवी पट्टी ओतू देत नाही. गाठी पक्क्या असल्यामुळे ते रबर पुन्हा वितळत नाही. फार तापवले तर जळते. शिवाय काळ थांबत नाही. ऊन, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन वायू वर्षानुवर्षे या साखळ्या तोडत राहतात. काही जागी नव्या गाठी पडून रबर आणखी कडक होते. त्यात मिसळलेली मऊपणा देणारी तेले हळूहळू निघून जातात. जेथे पट्टी ताणून वळवलेली असते तेथे, म्हणजे काचेच्या कोपऱ्यात, पहिला तडा जातो.

म्हणून जुन्या गाड्यांचे जाणकार कारागीर पट्टी हातात घेऊन आधी तिची परीक्षा करतात. नुसती राखाडी पडली असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने व मऊ ब्रशने धुतात, आणि पूर्ण वाळल्यावर ग्लिसरीन किंवा सिलिकॉनचा पातळ हात देतात. वाकडी झाली असेल तर गरम पाण्यात ठेवून मऊ करतात आणि मूळ आकारात बसवतात. थोडी कडक झालेली पट्टी विंटरग्रीन नावाच्या तेलाने काही प्रमाणात नरम पडते. कंबरदुखीच्या अनेक मलमांना ज्याचा वास येतो, तेच हे तेल. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी गाडीचे रबर चमकावे म्हणून त्यावर डिझेलचा बोळा फिरवतात. एक दिवस चमक येते खरी, पण पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइल रबरात मुरून ते फुगते आणि पुढे सडते. तडा गेलेल्या पट्टीवर मात्र कोणताही उपाय चालत नाही. ती काढून नवीनच बसवावी लागते. हल्ली अशा नव्या पट्ट्या बहुधा कारखान्यात रसायनांपासून बनवलेल्या रबराच्या असतात. त्यांच्यावर ओझोनचा परिणाम फार कमी होतो.

गुडइयरच्या नशिबी मात्र स्वस्थता नव्हती. आपल्या रबराचे नमुने त्याने इंग्लंडला जाऊ दिले होते. ते थॉमस हँकॉक या इंग्रज कारखानदाराच्या हाती पडले. त्यावर गंधकाची खूण त्याने ओळखली, स्वतः प्रयोग केले आणि १८४३ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधील पेटंटसाठी अर्ज केला. गुडइयरला उशीर झाला. पुढे त्याने इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागितली, पण तो हरला. या क्रियेचे ‘व्हल्कनायझेशन’ हे नावही हँकॉकच्या एका मित्राने सुचवले. व्हल्कन हा प्राचीन रोमन लोकांचा अग्निदेव.

अमेरिकेतही लोक त्याची पद्धत चोरून वापरत. होरेस डे या कारखानदाराविरुद्धचा खटला १८५२ साली ट्रेंटन शहरात चालला. गुडइयरच्या बाजूने डॅनियल वेबस्टर हा नामांकित वकील उभा राहिला. त्या वेळी तो अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री होता. खटला गुडइयरने जिंकला. पैसा यायला हवा होता. पण दुसऱ्यांना परवानगी देताना तो अगदी थोडी रक्कम घेई, आणि आलेला पैसा नव्या प्रयोगांत घाली. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने रबराच्या वस्तूंनी एक संपूर्ण दालन सजवले. त्यावर ३०,००० डॉलर खर्च झाला. रबरावर त्याने एक ग्रंथ लिहिला आणि त्याच्या काही प्रती रबराच्याच पानांवर छापून घेतल्या!

१८५३ साली क्लॅरिसा वारली. दोन वर्षांनी पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने पुन्हा असेच दालन उभारले. तेथेही कर्ज झाले आणि डिसेंबर १८५५ मध्ये त्याला पॅरिसच्या तुरुंगात टाकले. फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याने त्याच सुमारास त्याला मोठा मानाचा किताब दिला होता. तो त्याच्या मुलाने तुरुंगात नेऊन त्याच्या हाती दिला.

१८६० साली आपली मुलगी फार आजारी असल्याचे कळून गुडइयर तिला भेटायला निघाला. त्याची स्वतःची प्रकृती पार ढासळली होती. न्यूयॉर्कला पोहोचतो तो मुलगी गेल्याची बातमी आली. १ जुलै १८६० रोजी तेथेच एका हॉटेलात त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते. न्यू हेवनच्या कब्रस्तानात त्याची कबर आहे.

१८६५ साली त्याच्या पेटंटची मुदत संपली आणि त्यानंतर अमेरिकेत कोणालाही गंधक घालून रबर भाजायला परवानगी लागली नाही. मोटारगाडी येण्यास अजून वीस वर्षे होती. १८९८ साली ॲक्रन शहरात फ्रँक सायबरलिंग या उद्योजकाने रबराचा कारखाना काढला आणि त्याला गुडइयरचे नाव दिले. तीच टायरची कंपनी. तिच्यात गुडइयरच्या घराण्यातल्या कोणाचा पैसा नव्हता.